वर्गात नसलेल्या नंदाची उत्तरं

अंबड, जानेवारी १९९६

ती. अप्पाराव दाजींना भुजंगचा साष्टांग दंडवत. इकडं आम्ही सगळे दोन वेळा जेवून बरे आहोत. तुमचा गुडघा कारखान्याच्या जिन्यावर अजून कुरकुरतो का, आणि मी दिवाळीला आलो न्हाई म्हणून ताईला आलेला राग कितपत उतरला, ते कळवावे.

न येण्याचं कारण असं की मी संशोधक झालो. हसू नका. सुट्टीत औरंगाबादला आम्हा प्राध्यापकांचा वर्ग भरला होता. तिथं पुष्पाबाई नावाच्या मॅडमनी विचारलं, तुम्ही माती, पाऊस, ज्वारी यांच्यावर शोधनिबंध लिहिले, पण तुमच्या तासाला पोरं काय शिकतात यावर कुणी संशोधन केलं का? सगळे खाली बघायला लागले. (शेजारचे इतिहासवाले झोपलेले होते. शांतता झाली तसे जागे झाले, त्यांना वाटलं चहा आला.) मॅडमचं म्हणणं, आपला वर्ग हीच प्रयोगशाळा, प्रश्न विचारा, थांबा, काय होतं ते बघा. मला ते इतकं पटलं की येताना जुन्या जालन्यात उतरून उत्तमचंद शेठकडून टेपरेकॉर्डर घेतला आणि भूगोलाच्या दुपारच्या तासाला टेबलावर ठेवून दिला.

प्रश्न विचारला, थांबलो. वर्ग गप्प. दुसरा विचारला, तरी गप्प. (आमच्या वर्गाची ही जुनी रीत आहे, त्यात मला काही वावगं वाटलं न्हाई.) घरी येऊन टेप लावली तर आधी माझा प्रश्न, मग पंख्याची घरघर, आणि मग एका बाईमाणसाचा सावकाश आवाज. उत्तर बिलकुल बरोबर, मागं भांडी घासल्याचा खडखडाट. तुमच्या मेव्हण्याच्या बायकोला, म्हणजे आमच्या तुळजाला, वेगळाच संशय आला आणि ती भाकरी आपटून वाढायला लागली. मी दुसऱ्या दिवशी नवी कॅसेट आणली, नवे प्रश्न विचारले. वर्ग पुन्हा गप्प, आणि टेपमध्ये पुन्हा ती.

शेवटी टेप वर्गातच लावली. वाटलं पोरं हसतील. कुणी हसलं न्हाई. पुढच्या बाकावरचा रखमाजी म्हणाला, "सर, ही तर नंदा. आपल्याच वर्गात होती. लग्न होऊन अंकुशनगरला गेल्ती." बाकीच्यांनी नुसत्या माना हलवल्या.

मग मी टेपरेकॉर्डर काखेत मारून तुमच्या गावी, अंकुशनगरला आलो. (घरी न येता परतलो, ताईला सांगू नका.) नंदाची सासू साळूबाई दारातच भेटली. "बरं झालं आले सर," म्हणाली, "सून भर दुपारी भांडी घासता घासता एकटीच बोलून राह्यली. कुणी विचारलं न्हाई तरी जवाब देती. अमावस्येला देवरुष्याकडं न्यायचीय." नंदा मान खाली घालून उभी. कधी बोलतेस, म्हणून विचारलं, तर म्हणाली, "तुमचा तास असतो तवा. तुम्ही विचारता, कुणीच बोलत न्हाई, मंग मला राहवत न्हाई." मी दरसाल तेच प्रश्न विचारतो, ते तिला पाठ असतील, असं मी मनाला समजावलं. पण दाजी, या खेपेचे प्रश्न मला तिथं फळ्यापाशी उभ्या उभ्या सुचले होते.

मी टेप लावली. आधी मी, मग नंदा, आणि नंदाच्या मागून खुद्द साळूबाई, कोंबडीला हुसकून लावणारी. म्हातारीनं पदर तोंडाला लावला. कोंबडीसुद्धा अंगणात जागच्या जागी थांबली. साळूबाई म्हणाली, "माणूस इथं अन् आवाज तिथं, हे बरं न्हाई. सर, तिला तिथंच बसवा."

तशी नंदा एस.टी.नं कॉलेजात यायला लागली. खिडकीपाशी बसायची, उत्तर द्यायची. मग रखमाजी तिचं खोडून काढायला लागला, मग मागचे बाक दोघांचं. तास संपल्याची घंटा झाली तरी वर्ग भांडत बसलेला मी नोकरीत पहिल्यांदा पाहिला. इतका आनंद मला पगारवाढीचाही झाला नव्हता.

ताईला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमचा,
भुजंग

ता. क. पुष्पाबाईंना सगळं कळवलं होतं. त्यांचं उत्तर आलं: संशोधन उत्तम, फक्त वर्गात नसताना दिलेली उत्तरं धरता येणार न्हाईत.

आणखी ता. क. खरं तर पत्र याच्यासाठीच. सोमवारपासून नंदा आली न्हाई. नवरा वसंता तिच्या कॉलेजात येण्यावरून बिथरलाय म्हणतात, आईचंही ऐकत न्हाई. तिला देवरुष्याकडं नेलं की काय, कुणाला ठाऊक न्हाई. काल मी प्रश्न विचारून रोजच्यापेक्षा जास्त थांबलो. घरी येऊन टेप पुन्हा पुन्हा ऐकली. नुसता पंखा. वसंता तुमच्याच कारखान्यातला, तुमचा शब्द मोडणार न्हाई. दाजी, गुडघा दुखत असला तरी पत्र मिळताच त्यांच्या दारी जा. तिलाच समोर बोलवा आणि मुरमाड रानात पाणी का थांबत न्हाई, हा कालचाच प्रश्न तेवढा विचारा. उत्तर चुकलं तरी चालेल.