बाहेर उघडणारं फाटक

आप्पा,

तुमचं फाटक काल मी काढून टाकलं. कुपवाडहून एक वेल्डर आणला, त्यानं गॅस कटरनं सगळ्या बिजागऱ्या कापल्या आणि दोन्ही दारं भिंतीला टेकवून ठेवली. लोखंडाकडं बघून तो हळहळला, एवढा जड माल आता मिळत नाही, रंग मारून ठेवा म्हणाला. मी म्हटलं, भंगारात घाल. मग त्यानं साधं विचारलं, की हायवेच्या अंगाला उघडणारं फाटक करायला कुणी सांगितलं होतं? मला इतकी शरम वाटली की चहा ठेवायच्या निमित्तानं मी आत निघून गेले. काय सांगायचं त्याला? की आमच्या वडलांनी तीस वर्षं एसटी चालवली, एकदाही गाडी कुठं घासली नाही, आणि त्याच माणसानं अंगणातली दोन हात जागा वाचावी म्हणून घराचं दार रस्त्यावर उघडायला लावलं?

तुम्हाला त्या फाटकाचा केवढा तोरा. पण ते तुम्ही उघडलंत किती वेळा, सांगा बरं. ड्युटीवरून आलात की बाहेरून हॉर्न द्यायचात, आणि आई पिठाच्या हातानं पळत यायची. कडी काढायची, एक दार ढकलत रस्त्यापर्यंत न्यायचं, मग दुसरं. लावताना तर बाहेरच जावं लागायचं, कारण ते जड दार आतून ओढून येतच नव्हतं. बाहेर उभं राहून खांद्यानं रेटायचं, म्हणजे रस्त्याकडं पाठ. फाटक बसवलं तेव्हा ठीक होतं म्हणा. आपला विट्याचा रस्ता तेव्हा केवढासा, दोन्ही बाजूंना बाभळी, उसाची गाडी आली तर बैलांच्या घुंगरांवरूनच कळायचं. पण नंतर? बाभळी गेल्या, रस्ता दुप्पट झाला, थरावर थर चढून आपल्या अंगणापेक्षा कंबरभर उंच झाला. सोनं-चांदी गाळायच्या धंद्याला परमुलखात गेलेले गलाईवाले दिवाळीला विट्याला येतात तेव्हा बाहेरगावच्या नंबराच्या गाड्या अशा सुटतात की ओसरीतल्या भांड्यांना कंप सुटतो. तुम्ही काय केलंत? अंगणात चार ट्रॉल्या मुरूम टाकून फाटकापर्यंत चढ केलात आणि हात झटकलेत.

त्या चढावर तुम्ही मला गाडी शिकवलीत. मी कोरेगावचं सासर सोडून आले त्या वर्षी. तुम्ही एका शब्दानं विचारलं नाहीत का आलीस म्हणून. आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही स्वतः फाटकाची दोन्ही दारं उघडलीत आणि माझी पेटी उचलून आत नेलीत. महिन्याभरात स्कूटर आणून अंगणात उभी केलीत, कुपवाडला नोकरी बघ म्हणालात. ते मी विसरलेले नाही, विसरणारही नाही. पण शिकवलंत काय? "आधी हॉर्न, मग देवाचं नाव, मग एकदम सोडायची. चढावर थांबलीस की गाडी बंद पडली म्हणून समज." एकदा मी वर जाऊन थांबले, रस्त्याच्या वळणाकडं मान करून बघायला लागले, तर मागून ओरडलात, "बघत काय बसतीस? रस्ता काय तुला इचारून थांबणार हाय व्हय?" शेजारच्या बायका हसल्या. त्यानंतर मी कधी थांबले नाही. रोज सकाळी डोळे मिटल्यासारखी त्या रस्त्यावर उडी घेते आणि पोचल्यावर आईला फोन करते. इतकी वर्षं तिनं तो फोन पहिल्या रिंगला उचललाय.

आणि हे सगळं कशासाठी, आप्पा? घराच्या बाजूला चांगली पाणंद होती. तीनशे पावलं गेलं की गावातला रस्ता, तिथून फाटा, फाट्यावर गतिरोधक. तिथं सगळ्या गाड्या झक मारत हळू होतात. आपलं मूळचं दार त्याच पाणंदीत होतं. मोजणीच्या दिवशी तात्यांच्या बांधातली दोन हात जमीन आपली निघाली, आणि तुम्ही सगळ्या भावकीसमोर सख्ख्या धाकट्या भावाला म्हणालात, "ह्या पाणंदीत माझ्या घरातल्या कुणी पाय ठिवला, तर मी माझ्या बापाचं नाव लावणार न्हाई." शपथ घ्यायची तर स्वतःच्या पायांची घ्यायची होती. आमच्या पायांची कशाला घेतलीत? संध्याकाळच्या आत विटा आणून तुम्ही स्वतः ते दार बुजवलंत. आतल्या बाजूनं गिलावा झाला आणि आईनं त्याच्यापुढं भांड्यांची मांडणी लावली. काकू तिची मैत्रीण होती, रोज दुपारी त्या दारात दोघी धान्य निवडत बसायच्या. ते त्या दिवशी संपलं. तिला कुणी विचारलंसुद्धा नाही.

रस्ता रुंद व्हायच्या वेळी तात्या आले होते, आठवतं? फाटकाबाहेरच उभे राहिले, आत पाऊल टाकलं नाही. दादा, रस्ता लय मोठा हुतोय, बायामाणसांना मागनं वाट असू दे, एवढंच म्हणाले. तुम्ही ओसरीवरून उठला नाहीत. पाणीसुद्धा विचारलं नाहीत. आई तांब्या भरून दारापर्यंत गेली होती, तुम्ही नुसतं बघितलंत आणि ती परत फिरली. तो माणूस उन्हात किती वेळ उभा होता. तुम्ही बांधावर जिंकलात असं तुम्हाला वाटलं असेल. दोन हात जमिनीत तुम्ही आयुष्यात काय पिकवलंत, ते मला दाखवा एकदा.

गेल्या थंडीत आईला पिकअपनं उडवलं. मी सकाळी चढावरून सुटले होते, ती मागं फाटक लावायला आली होती. दार खांद्यानं रेटत होती, रस्त्याकडं पाठ. मी फाट्यापर्यंत पोचले असेन, तेवढ्यात फोन आला. तो ड्रायव्हर पळाला नाही. त्यानंच तिला गाडीत घालून मिरजेला नेलं, दवाखान्याच्या पायरीवर डोकं धरून बसला होता. त्याच्या मुस्काटात मारायच्या तयारीनं मी गेले होते. तो म्हणाला, "भिंत संपली आन् आजी समोरच, ताई. ब्रेक मारला मी, खरंच मारला." सहा फुटांची भिंत कुणी बांधली होती वळणावर? तात्यांच्या घरातलं कुणी नजरेला पडू नये म्हणून बांधलेली भिंत, आप्पा. आईचा खुबा मोडला. ऑपरेशन झालं, सळई घातली. आता ती वॉकर धरून स्वयंपाकघर ते ओसरी एवढंच चालते. डॉक्टर म्हणतात रोज बाहेर चाललं पाहिजे, नाहीतर पाय कायमचे जातील. बाहेर म्हणजे कुठं? तुमच्या चढावर?

म्हणून मी कामाला लागले. भिंत गुडघ्याएवढी केली. खांबांना लाल-पांढरे पट्टे मारले, रात्री चमकणारे तुकडे लावले. वळणावर समोर गोल आरसा बसवायचा म्हणून रस्त्याच्या ऑफिसात चार खेपा घातल्या. पहिल्या खेपेला साहेब जेवायला, दुसऱ्या खेपेला साहेब साताऱ्याला, तिसऱ्या खेपेला माझा अर्जच सापडेना. चौथ्या वेळी मी तिथंच खुर्ची ओढून बसले आणि म्हटलं, साहेब येईपर्यंत मी उठत नाही. शेवटी एक तरुण इंजिनिअर बघायला आला. त्यानं टेप धरली, दोन्हीकडून गाड्या कुठून दिसतात ते बघितलं, चढावर स्वतः उभा राहिला. मग बोलला, की फाटक गाडीभर आत घ्या, आतल्या बाजूला उघडू दे, आणि त्याच्यापुढं सपाट जागा करा म्हणजे गाडी थांबवून बघता येईल. तेवढं कराच. पण आजींना ह्या बाजूनं चालायला काढू नका, काही केलं तरी हा रस्ता चालणाऱ्यासाठी नाही. दुसरी वाट नाही का? आणि माझ्या तोंडून काय निघावं? "नाही." इतकी सवय. घरात, बुजवलेल्या दारापुढच्या मांडणीपासून तो तीन फुटांवर उभा होता आणि मी त्याला नाही म्हणून सांगितलं.

त्याच दुपारी मी तात्यांकडं गेले. पाणंदीतून गेले. तुमच्या बापाचं नाव काय लावायचं ते आता तुमचं तुम्ही बघा. तात्या खाटेवर होते, त्यांना आता कमी दिसतं. मी कोण ते सांगितलं, आणि म्हटलं की वाट पाहिजे, हवं तर दोन हात लिहून देते. ते खाटेवर उठून बसले. मग म्हणाले, "लिहून कशाला? वाट मी कवा बंद केली हुती, पोरी? भिंत तुमच्या अंगानं हाय." काकूनं पाणी आणलं. ते मी एका दमात संपवलं, रागानंच. तुमच्यावरच्या.

आज सकाळी गवंड्यानं ते दार फोडलं. मांडणी हलवली, चार घाव घातले, तुमच्या विटा भसाभसा खाली आल्या. आईला वॉकर धरून मी उंबऱ्यापर्यंत आणलं. काकू पलीकडं उभी होती. आई सात पावलं चालली, मग दम लागला. मी मोजली, सात. उद्या दहा चालवीन.

एवढं सगळं लिहून झालं, आप्पा, आणि जे लिहायला बसले होते ते राहिलंच आहे. तुमचं वर्षश्राद्ध झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी आई भांडी लावता लावता म्हणाली होती, "आता हे दार फोडायचं का गं? फाटक मला जड जातंय." तुम्ही नव्हतात. अडवणारं कुणीच नव्हतं. मी म्हटलं, "आप्पांचा शब्द हाय. मी हाय तोवर हे दार उघडायचं न्हाई." मान ताठ करून म्हटलं. तुम्ही माझी पेटी आत नेली होतीत ना, त्याची मी अशी परतफेड केली, तिच्या जिवावर. तिनं पुन्हा कधी विषय काढला नाही. दवाखान्यात सगळ्यांना सांगत होती, माझंच लक्ष नव्हतं, माझंच चुकलं. माझ्याकडं बघून सांगत होती, मी गप्प राहावं म्हणून.

मीही गप्प राहिले. अजून आहे. ती आत्ता पलीकडच्या खोलीत आहे, जागी आहे, रेडिओ ऐकतेय, आणि मी इथं मेलेल्या माणसाला लिहीत बसलेय, कारण तिच्यासमोर जाऊन "आई, चुकलं माझं" म्हणायची माझी छाती होत नाही.