मधलं वर्तुळ

प्रिय आईस,
इथूनच वाकून नमस्कार.

माझं मजेत चाललंय, वेळेवर जेवते. दादा येऊन जातो ना?

धुलाई कारखान्यातल्या बायका दवाखान्यात का जात नाहीत, हा माझा अभ्यास. काल त्यांच्यासमोर मोठा कागद पसरला, मध्ये वर्तुळ काढून त्यात ‘दवाखाना’ लिहिलं. त्या बोलतील तशा त्याला फांद्या काढायच्या. तासाभरात फांद्या तीनच! मग इस्त्रीवाल्या मावशी म्हणाल्या, “मधलं तूच लिहून बसलीस, मग आम्हाला विचारतेस कशाला?”

मी खजील झाले. कागद उलटला, वर्तुळ रिकामं ठेवलं. मग बायका अशा सुटल्या की कागद पुरेना. दवाखान्यात गेल्याचं कळलं की दुसऱ्या दिवशी कामावर दुसरी बाई! शेवटी मावशींनीच मध्ये लिहिलं, ‘मुकादम’. आता माझा अभ्यास खरा होणार, बघशील तू.

आई, मीही दर फोनला ‘गुडघा कसा आहे?’ एवढंच विचारते आणि तू ‘बरा आहे’ म्हणून मोकळी होतेस. सोबत एक कागद आहे. वर्तुळ काढलंय, आत काही लिहिलेलं नाही. तू लिही. मी मध्ये बोलणार नाही.

तुझीच,
बडबडी