उत्तर मिळालेले नाही

सोमवार, ३

पोचले. गाडी उशिरा, हमाल उद्धट, आणि जावयाने किल्ली शेजारच्या शिंपिणीकडे ठेवलेली, त्यामुळे आधी तिच्या प्रश्नांना तोंड दिलं. आपण कोण, म्हणे. या घरातल्या बाईची आई, म्हटलं. त्यावर ती पाणी आणायला आत पळाली.

तरी मी खुशीत आहे, ते नाकारून काय उपयोग? टेलिफोन खात्यात अडतीस वर्षं काढली, पंचवीस बोर्डावर आणि तेरा बोर्डावरच्या पोरींच्या डोक्यावर. निवृत्त झाल्यापासून मात्र कोणाचं माझ्यावाचून अडलं नव्हतं. आता अडलंय. जावई तीन आठवडे कामासाठी बाहेर आहे. लेकीचा सर्व्हर चालू आहे, पण बाहेरून कोणाला तिथवर पोचता येत नाही. इंजिनिअर म्हणाला भंगारात द्या. मला ते जमणार नाही, तुम्ही एकदा बघता का, असं चार ओळींचं पत्र. त्याच्या मानाने चार ओळी म्हणजे कीर्तनच. मौनीबाबा म्हणते मी त्याला.

सर्व्हर म्हणजे बुटाच्या खोक्याएवढी काळी पेटी. लेकीच्या टेबलावर घुरघुरत बसलेली असते. अंध लोकांसाठी तिने मोठ्याने वाचलेली साडेतीनशे पुस्तकं त्यात आहेत. जिना, वरची खोली, खालची ही कामाची खोली, सगळं नीटनेटकं. या घरात मी पहिल्यांदाच येते आहे. लेक जाऊन सहा महिने उलटून गेले.

मंगळवार, ४

इंजिनिअरने ठेवलेली चिठ्ठी वाचली. तीन ओळींत इंग्रजीच्या पाच चुका. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरने त्याला बाकावर उभं केलं असतं.

त्यापेक्षा लेकीची वही बरी. मला शिकवताना बोलायची तसंच लिहिलंय. घरातल्या प्रत्येक यंत्राला आतला पत्ता असतो, पण बाहेरच्या जगाला अख्ख्या घराचा एकच पत्ता दिसतो. आतून कोण बोललं हे सर्व्हर एका यादीत टिपून ठेवतो, म्हणून बाहेरून आलेलं उत्तर ज्याचं त्याला मिळतं. याला नॅट म्हणतात. फायरवॉल म्हणजे दारावरचा रखवालदार. नको असलेल्याला तो दोन तऱ्हांनी परतवतो. त्याखाली लेकबाईंनी लिहिलंय:

ड्रॉप म्हणजे आई. रागावली की उत्तरच नाही, समोरचा वाट बघत बसतो. रिजेक्ट म्हणजे बाबा. नाही म्हणतात, पण म्हणतात तरी.

हसू आलं. मग राग आला. बाप जाऊन बारा वर्षं झाली, तरी कौतुक त्याचंच. प्रश्नाला उत्तर न देणं हा असभ्यपणा, असं सिस्टर सांगायची. माझं वळण तिथलं आहे.

गुरुवार, ६

जमलं. भंगारात द्या म्हणे! बाहेरून आलेल्या माणसाला रखवालदाराचा नियम आत पाठवत होता, पण जुन्या पत्त्यावर. जावयाने घरातली यंत्रं जोडणारं मधलं यंत्र बदललं तेव्हा सर्व्हरचा आतला पत्ता पाचचा आठ झाला, आणि नियमाला ते कोणी सांगितलंच नव्हतं. मी पाचचा आठ केला. तासाभरात एका म्हाताऱ्या श्रोत्याचा फोन आला. बाईंचा आवाज परत आला, म्हणाला, आणि रडायला लागला. मी त्याला वेळेवर जेवायला सांगून फोन ठेवला. मी स्वतः अजून एकही पुस्तक ऐकलेलं नाही. ऐकेन.

सगळं नीट चाललंय ना म्हणून सर्व्हरची ती यादी उघडून बसले होते. चार वाजून दहा मिनिटांनी एक नवी ओळ उमटली. आतला पत्ता तेवीस, कोणालातरी बाहेर फोन लावतोय. ओळीच्या टोकाला शब्द होता: अनरिप्लाइड. उत्तर मिळालेले नाही. शेजारी सेकंद उलटे मोजत होते. शून्य झालं आणि ओळ पुसली गेली.

शुक्रवार, ७

आजही चार दहा.

वहीत पाहिलं. तेवीसपुढे तिने लिहिलंय: वरची खोली, माझा फोन. वर गेले. ती शेवटचे सात महिने जिथे झोपून होती तो पलंग आहे, गादी गुंडाळलेली. फोन कपाटात, वायर त्याच्याभोवती नीट गुंडाळून रबर लावलेला. रबर कडक झालाय. कोणी हात लावलेला नाही.

बाहेरचा पत्ता मात्र वहीत शोधावा लागला नाही. तो मला पाठ आहे. माझ्याच घरचा तो. तिथे फोन ज्या पेटीतून येतो, तिच्यावर तिनेच चिकटवून दिलाय.

चार दहा. शाळेत असताना ती याच वेळेला फोन करायची. माझी पाळी चारला संपायची, चहाच्या खोलीत पोचायला दहा मिनिटं लागायची.

शनिवार, ८

लिहून टाकते.

मागच्या वर्षी ती दोन दिवस माझ्याकडे आली होती. अंगावर मांस म्हणून नव्हतं. मी जावयाला फोन करून हवं ते बोलले. माझ्या लेकीला उपाशी ठेवता का, इथपर्यंत.  त्याचा अबोला मला उद्दामपणा वाटला. ती परत गेली त्या संध्याकाळी त्या घरातून फोन वाजला. मौनीबाबाला आता कंठ फुटला, म्हटलं, आणि मी उचलला नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या पेटीत त्या घराच्या पत्त्यावरून येणारे फोन अडवून टाकले. नको त्या फोनवाल्यांसाठी तिने मला एकच आज्ञा शिकवली होती. ड्रॉप.

मोबाइल मी बाळगत नाही. आता फोन आला तर तिचा येईल, त्याचा नाही, असं मनाशी धरून बसले. अडतीस वर्षं टेलिफोनमध्ये घालवलेली बाई मी. घर एक, पत्ता एक, हे मला कळू नये?

ती गेल्याचं पत्राने कळलं, चौथ्या दिवशी. फोन करायची अक्कल नाही, म्हणून मी त्या पत्रावरसुद्धा चिडले होते.

आज सर्व्हरवरून माझ्या घरच्या पेटीत शिरले. त्या नियमावर किती टकटका आल्या, हे ती मोजत असते. दोन हजार आठशे अठ्ठ्याण्णव. वहीत लिहिलंय की उत्तर आलं नाही तर फोन सात वेळा ठोठावतो, दर वेळी दुप्पट थांबून, आणि मग शहाण्यासारखा गप्प बसतो. सातने भागलं. चारशे चौदा फोन.

तो नियम लिहून आज चारशे तेरा दिवस झाले. रोज एक. वरचा एक त्याचा असणार, ती गेली त्या दिवशीचा.

आणि तिला जाऊन एकशे ब्याण्णव दिवस झाले आहेत.

भागाकार पुन्हा केला. बाकी उरत नाही.

रविवार, ९

माझ्या घरचा नियम पुसला. पण तिथे फोन वाजून काय उपयोग, उचलायला मी इथे. म्हणून सर्व्हरवर नवा नियम लिहिला: तेवीसवरून माझ्या घराकडे जाणारं जे काही असेल ते घरातच वळव, या टेबलावरच्या फोनवर.

वेडी बाई म्हणा. तिला एकदा उत्तर मिळायला हवं. मला दुसरं काही नको.

चार दहाला फोन वाजला.

आई, म्हणाली.

तिचाच आवाज. दमलेला. मी बोलले, पुष्कळ बोलले, काय ते आठवत नाही. तिला काहीच ऐकू जात नव्हतं. आई, आहेस ना? असं तीनदा विचारलं. मग, बरं, उद्या करते. रागाचा लवलेश नाही. चारशे दिवस ती असंच म्हणून फोन ठेवत असेल का?

वर काहीतरी सरकल्यासारखं वाटलं. पलंग असेल. लाकूड फुगतं.

सोमवार, १०

चूक सापडली. माझं उत्तर सर्व्हरला वळसा घालून परस्पर जात होतं. तिने हाक मारली माझ्या घराला आणि ओ आली भलत्याच पत्त्यावरून, मग यंत्र ती कशी ऐकेल? उत्तरही सर्व्हरमधूनच जाईल अशी एक ओळ वाढवली. दोनदा चुकले.

चार दहा. आई?

ओ, म्हटलं. एवढंच निघालं तोंडातून.

मी सेकंद मोजायला लागले. मग म्हणाली, उचललास. मग म्हणाली, आवाज किती जवळून येतोय गं, कुठे आहेस तू?

खाली, म्हटलं. तुझ्या टेबलाशी.

हसली. लहानपणी हसायची तशी. म्हणाली, घरातच आहेस होय, मग फोन कशाला करत बसू. येतेच.

ठेवला.

मी अजून रिसीव्हर धरून—

मंगळवार, ११

दुपार. शिंपीण आली होती. काल संध्याकाळी वर कोण चालत होतं, जावई परतले का, विचारत होती. नाही म्हटलं. थांबते का, असं तिला म्हणणार होते. नाही म्हटलं.

ती अंथरुणाला खिळल्यावर मी तिला पाहिलं नाही. नंतरही नाही. कशी दिसत होती ते मला माहीत नाही. तेच—

वर गेले होते. कपाट उघडं. वायर सुटलेली. रबर तुटून जमिनीवर.

चार पाच. यादी उघडी ठेवली आहे. दार लावलंय. का लावलं? माझीच लेक आहे.

चार दहा. यादीत ओळ नाही. फोन वाजत नाही.

जिना. एक पायरी, मग थांबणं. आजारी माणूस उतरतो तसं.

दारावर. एक.

दोन, लगेच.

तीन. चार. मधे थांबते आहे. दर वेळी दुप्पट.

उठवत नाही. जीभ— मी, जिची जीभ कधी—

पाच.

आई, म्हणते आहे. हळू. घरात झोपलेल्याला उठवू नये तशी.

सहा.

आता सोळा सेकंद. मग सातवी, आणि मग ती शहाण्यासारखी— बरं म्हणून—

नाही. या वेळी नाही. तोंडातून फुटत नसेल तर दार— पेन ठेवते, कडी काढ