आधी विमा, मग तिकीट

३ मार्च, सोमवार
या वहीत आजपासून फक्त प्रवासाचं लिहायचं. फालतू काही नाही.
आईचा आणि माझा व्हिसा आला. मावशीकडे जायचंय. मावशीचे मिस्टर, म्हणजे काका, फोनवर म्हणाले, डॉक्टरांनी महिना सांगितलाय, फार तर दीड. डॉक्टर लोक मुद्दाम कमी सांगतात. पेशंट जास्त जगला की श्रेय यांचं.
आई म्हणाली, आजच्या आज तिकीट काढ. तिला शांतपणे समजावलं. तिच्या कारखान्यातल्या एक बाई विमा न काढता लेकीकडे गेल्या, बाथरूममध्ये पडल्या, खुबा मोडला. तिथल्या हॉस्पिटलचं बिल फेडताना जावयाचं तोंड कायमचं वाकडं झालं. म्हणून माझा नियम: आधी विमा, मग तिकीट. या घरात तीन देश पाहिलेला माणूस मी एकटाच. (एकात फक्त विमानतळ. पण अकरा तास.)
संकल्प: बुधवारपर्यंत विमा फायनल.

५ मार्च, बुधवार
फायनल नाही. पण पाया पक्का झाला. सात कंपन्या, सतरा प्लॅन. कामावर, गोडाऊनमधल्या मोठ्या पुठ्ठ्यावर तक्ता आखला. रकाने: दवाखाना, दात, सामान हरवणं, विमान चुकणं. सुपरवायझरने विचारलं, हे काय. त्यालाही त्याच्या वयाला साजेसा प्लॅन सुचवला. तो कुठेच जाणार नाहीये, तरी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, काचसामानाचे चाळीस खोके पडलेत, ते तुझी मावशी भरणार का.
त्याला माहीत नाही. म्हणून राग मानला नाही.

८ मार्च, शनिवार
आज सुट्टी. दिवसभर विमा एके विमा.
एका प्लॅनमध्ये धाडसी खेळांचं कव्हर आहे. मावशीच्या घरापासून दोन तासांवर बर्फाचा डोंगर आहे असं कळलं. बर्फावरून घसरायचं कसं याचे व्हिडिओ पाहिले. पाय आत वळवायचे, हे मुख्य. चार वाजले.
आईला डोंगराचं सांगितलं. म्हणाली, आपण फिरायला नाही चाललो रे. आईचा स्वभाव मुळात निगेटिव्ह. आजारी माणसाला आजूबाजूला हसरे चेहरे लागतात.

९ मार्च, रविवार
मावशीचा फोन. आवाज बारीक येत होता. नेटवर्क.
आई शिफ्टला जायची तेव्हा चौथीपर्यंत मी मावशीकडेच होतो. एका जागी बसायचो नाही म्हणून ती मला भिंगरी म्हणायची. अजून म्हणते. भिंगऱ्या, कधी येतोस, म्हणाली. म्हटलं, विम्याचं बघतोय, घाईत निर्णय नको. हसली. म्हणाली, माझाही काढून ठेव एखादा, कोणी देत असेल तर. मग खोकली. काकांनी फोन घेतला.
एकंदरीत फ्रेश वाटली.

१२ मार्च, बुधवार
प्लॅन चारवर आणले. मोठी प्रगती.
फॉर्ममध्ये विचारतात, आधीपासूनचे आजार कोणते. आईला बीपी आहे. लिहिलं तर महाग, नाही लिहिलं तर ऐनवेळी हात वर करतील. लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. आई मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, बीपी आहे तर आहे म्हण. मला काय त्याची लाज वाटते? आणि त्या रकान्याकडे इतका वेळ बघत बसलास तर अजून वाढेल.
पुढचा रकाना, प्रवासाचं कारण. मी 'पर्यटन' निवडलं. आईने माझ्या हातातला माउस घेतला आणि 'नातेवाइकांची भेट' केलं.

१५ मार्च, शनिवार
गंभीर अडचण. फॉर्म पुढे सरकत नाही. प्रवासाची तारीख मागतो. तारीख तिकिटावर असते. तिकीट विम्यानंतर. विमा तारखेनंतर.
टायरच्या दुकानातला मित्र, ज्याला सगळे पंक्चर म्हणतात, त्याच्याकडे गेलो. तो ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता. सगळं ऐकून म्हणाला, मग तिकीट काढ ना आधी. त्याला नियम समजावून सांगितला. म्हणाला, नियम कोणाचा? म्हटलं, माझा. त्याने परत ट्यूब बुडवली.
त्याने कधी परदेश पाहिलेला नाही.

१८ मार्च, मंगळवार
काकांनी आईला फोन केला. काय बोलणं झालं ते आईने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. तिला मोकळीक द्यावी.
ती जेवणाच्या सुट्टीत कोपऱ्यावरच्या तिकीटवाल्या बाईंकडे गेली. वीस मिनिटांत तिकीट आणि विमा, दोन्ही. मी हादरलो. कोणता प्लॅन, विचारलं. तिला नाव आठवेना. म्हणाली, त्या बाईंना म्हटलं, माझं वय हे, बीपी आहे, बहीण जायला टेकलीय. त्यांनी काढून दिला.
असा निवडतात विमा?
बाईंनी विचारलं म्हणे, मुलाचंही काढू का. आईने तिथूनच मला फोन केला होता. मी म्हटलं होतं, नको, माझी तुलना शेवटच्या टप्प्यात आहे, मागून चार दिवसांत येतो. तेव्हा मला वाटलं, ती नुसती चौकशी करतेय.

२१ मार्च, शुक्रवार
आई गेली. बसस्टॉपपर्यंत बॅग उचलली. चाक एका बाजूला ओढतं, ते दुरुस्त करायचं राहिलं. दोन आठवड्यांपूर्वीच लक्षात आलं होतं.
बस यायच्या आधी म्हणाली, भीती वाटतेय का रे तुला? म्हटलं, कसली, विमानाची? तिने माझी कॉलर नीट केली. मग म्हणाली, गॅस बंद करून झोपत जा.
तिच्या बोलण्याचा धागा कधीकधी लागत नाही.

२३ मार्च, रविवार
आई पोहोचली. तिकडून फोन लावून मावशीच्या कानाशी धरला. म्हणाली, बोल, ऐकू येतं तिला. मी सांगितलं की आता दोनच प्लॅन उरलेत. एकात सामान उशिरा पोहोचलं तर भरपाई, दुसऱ्यात दवाखान्याची मर्यादा जास्त. दोन्हींतला फरक नीट समजावून सांगितला. नऊ मिनिटं. एकदाही मध्ये बोलली नाही. एरवी मला एक वाक्य पुरं करू द्यायची नाही.
आईने फोन घेतला. म्हणाली, हात हलवला तिने. ये रे आता.
तिला सामानवाला पटला असणार. उद्या फायनल.

२४ मार्च, सोमवार
फायनल नाही. बेचाळीस पानी नियमावली सापडली. सही करण्याआधी वाचलीच पाहिजे. एकोणीस पानं झाली. 'अपघात' या शब्दाची व्याख्या दीड पान आहे. मस्त लिहिलीय.

२६ मार्च, बुधवार
काढला! तिकीट आणि विमा दोन्ही. तिकीटवाल्या बाईंकडूनच, कारण वेबसाइट अडकली. आईचाच प्लॅन दिला, नियमावली वाचत होतो त्याच कंपनीचा. तक्त्यात तो सहाव्या नंबरवर होता. वाद घातला नाही. दहा मिनिटं लागली. बाई म्हणाल्या, तुमची आई त्या दिवशी तासभर बसायला तयार होती तुमच्यासाठी.
शनिवारी सकाळचं विमान. बर्फाचं कव्हर घेतलं नाही. मावशीजवळ बसायचं. तिला सतरा प्लॅनची गोष्ट सांगितली की पोट धरून हसेल.
सुपरवायझरने रजा दिली. का जातोस, विचारलं. पहिल्यांदाच खरं सांगितलं. त्याने माझ्या टेबलावरचे खोके स्वतः उचलून नेले.

२८ मार्च, शुक्रवार
सकाळी सहा चाळीस. आईचा फोन.

३० मार्च, रविवार
काल विमानाला गेलो नाही. आई म्हणाली, येतोस तर ये, पण सगळं उरकलंय. काका झोपलेत, पहिल्यांदाच. मी आठ दिवसांत परत येतेच. घर सांभाळ.
बॅग दारात भरलेली आहे. ओलांडून ये-जा करतो.
पंक्चर येऊन बसला. जाताना बाहेरच्या सायकलची हवा बघून गेला.

३१ मार्च, सोमवार
विमा कंपनीला फोन केला. एक बाई बोलल्या. आवाज चांगला होता. प्रवास रद्द, म्हटलं. कारण विचारलं. सांगितलं. म्हणाल्या, ऐकून वाईट वाटलं सर. आपल्या कोण लागत होत्या? म्हटलं, मावशी. टायपिंगचा आवाज आला, मग थांबला. म्हणाल्या, सॉरी सर, जवळच्या नातेवाइकांमध्ये आई-वडील, भावंडं, पती-पत्नी आणि मुलं येतात. मावशी येत नाही. पान सव्वीस.
मी एकोणीसपर्यंत वाचलं होतं. बरोबर आहे, म्हटलं.
मी फोन ठेवला नाही. त्यांनीही फोन ठेवला नाही. मग म्हणाल्या, रद्द करण्यापेक्षा पुढे ढकलता येईल सर, प्लॅन तोच राहील. नवी तारीख काय टाकू?
म्हटलं, जरा विचार करून सांगतो.
म्हणाल्या, घ्या ना वेळ. आता काही घाई नाही.