साडेचौदा गुण

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार
तुळशीची लग्नं सुरू झाली. आता माणसांची. सीझनच्या तोंडावर यंत्र ताजंतवानं असावं म्हणून आज कंप्युटरला अपडेट घेऊ दिलं. बिचारा महिनाभर विचारत होता, आत्ता करू की नंतर. गिऱ्हाइकांना मी नेहमी सांगतो, शुभ काम पुढे ढकलू नये. 'आत्ता' दाबलं. मुहूर्त पाहिला नाही, पण माझ्या हातून अवेळी सहसा काही होत नाही.
दिवे लागेपर्यंत पडद्यावर गोल फिरत होतं. तोवर झेरॉक्स काढल्या.

४ नोव्हेंबर, मंगळवार
कंप्युटर नवाकोरा दिसतो. फक्त कुंडली उघडत नाही. इंग्रजीत पाटी येते: हे व्हर्जन चालणार नाही, नवीन घ्या.
पुण्याला फोन लावला. सॉफ्टवेअर कंपनीच्या मॅडम गोड बोलल्या. नव्या सिस्टिमवर तुमचं जुनं व्हर्जन चालत नाही, अपग्रेडचे पैसे भरा म्हणाल्या. मी म्हणालो, मी ते आयुष्यभरासाठी घेतलं होतं. त्या म्हणाल्या, "सर, आयुष्यभर म्हणजे व्हर्जनचं आयुष्य."
रक्कम इथे लिहीत नाही. वही सौ.च्या हाती लागते.
एक पैसा देणार नाही. ग्रह तेच, राशी त्याच. अपग्रेड कशाचं करणार? ऋषींकडे कुठे कंप्युटर होता? उद्यापासून हाताने गणित. तसंही गणित मीच करतो, कंप्युटर फक्त छापतो. सगळ्या सेनगावाला हे माहीत आहे, कारण मीच सांगितलं आहे.

५ नोव्हेंबर, बुधवार
हाताने गणित करायला जुनी पंचांगं लागतात. सॉफ्टवेअर घेतलं त्या साली ती सगळी रद्दीत घातली होती. तेव्हा ती प्रगती वाटली. अजूनही वाटते.
समोरच्या मोबाइल शॉपीतल्या धर्मसिंगला बोलावलं. त्याने कुठून तरी फुकटचं व्हर्जन उतरवून दिलं. टेस्ट म्हणून माझी तारीख टाकली. अश्विनी नक्षत्र, मेष रास. सौ.ची टाकली. अश्विनी, मेष. धर्मसिंगची टाकली. तीच. सेनगाव तालुक्यात मेषेचा जोर दिसतो. धर्मसिंग म्हणाला, "गुरुजी, फ्री में इतनाच मिलता."
ते काढून टाकायला लावलं. ही गोष्ट चहाच्या टपरीवर बोलू नको, असं त्याला निक्षून सांगितलं. माणूस शब्दाचा पक्का आहे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
साखरा गावचे भागवतराव आले. मोठी जमीन, मोठा आवाज. मुलगी सृष्टी इथेच आमच्या दुकानामागच्या दवाखान्यात नर्स आहे. तिला नर्सी गावचं स्थळ. मुलगा प्रेमानंद, मंदिराच्या रस्त्यावर चहा-फराळाचं हॉटेल. दोघांच्या जन्मतारखा ठेवल्या, खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "पाहा बरं, किती गुण जुळतेत. म्या बसतो."
कंप्युटर बंद आहे असं सांगता आलं असतं. पण 'कॉम्प्युटराइज्ड कुंडली' अशा बोर्डाखाली उभं राहून कोणी सांगतं का? पडद्याचं तोंड माझ्याकडे असतं. माउस हलवला. पडद्यावर डोंगराचं चित्र होतं, ते बारकाईने पाहिलं.
मग शास्त्रशुद्ध विचार केला. छत्तीसपैकी जास्त गुण सांगितले आणि पुढे बिनसलं, तर शिव्या मला. कमी सांगितले तर लग्नच होत नाही, मग बिनसणार काय? कमी सांगणं केव्हाही सुरक्षित. सांगितलं, साडेचौदा. शिवाय एकनाडीचा दोष.
भागवतरावांनी खोल श्वास सोडला. वाईट वाटलं असणार. दक्षिणा मात्र हसत ठेवली. मोठ्या मनाचा माणूस.

८ नोव्हेंबर, शनिवार
'साडे' फार छान सुचलं. नुसते चौदा कोणीही सांगेल.

११ नोव्हेंबर, मंगळवार
सृष्टी आली होती. ड्युटीवरून तशीच, पांढऱ्या कोटात. आवाज चढवला नाही. म्हणाली, "काका, साडेचौदाची प्रिंट द्या."
मी म्हणालो, शाई संपली आहे.
म्हणाली, "मंग उद्या येते."
प्रेमानंद आणि ती परभणीला एका कॉलेजात होते. चार वर्षं घरी सांगायचं धाडस केलं नव्हतं. दिवाळीत केलं. बाबांनी लगेच 'न्हाई' म्हटलं नाही, पत्रिका पाहू म्हटलं, म्हणून तिने खुशीने मैत्रिणींना पेढे वाटले होते. हे सगळं तिने न विचारता सांगितलं. मी झेरॉक्सचे कागद जुळवत होतो. कागद आधीच जुळलेले होते.
 

१२ नोव्हेंबर, बुधवार
आली. शाई परभणीहून मागवली आहे, असं सांगितलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
आली. शाई वाटेत आहे.
दुपारी भागवतराव दुसरं स्थळ घेऊन हजर. हिंगोलीचा संतराम, रस्त्यांची कंत्राटं घेतो. मुलीहून बारा वर्षांनी मोठा. पहिली बायको नांदली नाही, पण "तिचाच सोभाव तसा व्हता," म्हणे. भागवतराव या वेळी खुर्चीवर बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "हे तर जुळतच असन, न्हाई का?"
प्रश्न असा विचारला की उत्तर त्यांच्याच तोंडात होतं. डोंगराचं चित्र पाहिलं. साडेतीस सांगितले. मागच्या वेळी निराशा केली होती, थोडी भरपाई.
साखरपुडा २७ ला ठरला. मला मानाचं आमंत्रण.

१५ नोव्हेंबर, शनिवार
आज दुकान उघडलं नाही. अंग मोडून आल्यासारखं वाटतं. सृष्टी शटरवर टकटक करून गेली. मी आतच होतो. आराम करत होतो.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
नर्सीचा मुलगा आला. प्रेमानंद. आधी ओळखलं नाही. झेरॉक्सची गर्दी ओसरेपर्यंत कोपऱ्यात उभा राहिला. मग चप्पल बाहेर काढून आत आला. दुकानात कोणी चप्पल काढत नाही.
वाटलं भांडेल. भांडला नाही. म्हणाला, "काका, माझ्या पत्रिकेत काही खोट हाय का? असंल तर सांगा. मी तिच्या वाटेतून बाजूला होतो. तिला तरास नको."
मी म्हणालो, खोट अशी नाही. मग काय, म्हणाला. ग्रहांची स्थिती, म्हणालो. कोणत्या ग्रहाची? मी शनी म्हणालो. शनीवर काहीही खपतं. त्याने मान हलवली, पैसे विचारले. घेतले नाहीत. चप्पल घालताना त्याला पट्टा सापडत नव्हता.
सौ. घरून डबा घेऊन आली होती. तिने सगळं ऐकलं. डबा टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "पैसे भरा. आजच्या आज."
मी तिला समजावलं की हा तत्त्वाचा प्रश्न आहे. ती म्हणाली, "मंग तत्त्वाला त्या पोराच्या घरी पाठवा, तोंड दाखवायला." जेवण गेलं नाही. भाजीत मीठ नव्हतं बहुतेक.

२० नोव्हेंबर, गुरुवार
संकल्प: पैसे भरायचे. दबावाखाली नव्हे. संशोधनासाठी.
सौ.च्या फोनवरून भरले, कारण माझ्या खात्यात संशोधनापुरती रक्कम नव्हती. सॉफ्टवेअर उतरायला दिवस गेला. सुंदर उघडलं. कुंडली मांडली, चंद्र-सूर्य जागच्या जागी. 'गुणमेलन' दाबलं. पाटी आली: ही सोय तुमच्या पॅकमध्ये नाही.
मॅडमना फोन. म्हणाल्या, "सर, तो मॅच-मेकिंग मॉड्यूल वेगळा." मी म्हणालो, हिंगोली जिल्ह्यात माणूस पत्रिका दुसऱ्या कशासाठी काढतो? म्हणाल्या, "सर, मागच्या महिन्यात ऑफर होती."

२२ नोव्हेंबर, शनिवार
मॉड्यूलचेही भरले.  सौ.ने नुसता फोन पुढे केला. बोलली असती तर बरं वाटलं असतं.
दार लावून घेतलं. आधी सृष्टी आणि प्रेमानंद. साडेएकोणतीस. एकनाड नाही, काही नाही.
मग सृष्टी आणि संतराम. साडेअकरा.
पुन्हा टाकून पाहिलं. तेच. कंप्युटर बंद करून चालू केला. तेच.
 

२३ नोव्हेंबर, रविवार
शांतपणे विचार केला. एका अर्थी माझी उत्तरं बरोबरच होती. फक्त स्थळांची अदलाबदल झाली.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
भागवतरावांना फोन लावला. उचलला की काय बोलायचं ते तोंडपाठ केलं होतं: ग्रहांमध्ये नवीन माहिती आली आहे. त्यांनी उचलला. मी म्हणालो, साखरपुड्याला किती वाजता येऊ?
सृष्टी आता येत नाही. दवाखान्यासमोरून गेलो तेव्हा खिडकीत दिसली. कोणाच्या तरी हाताला पट्टी बांधत होती. वर पाहिलं नाही. यापेक्षा प्रिंट मागायला आली असती तर परवडलं असतं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
आजचा दिवस सविस्तर लिहिणं आवश्यक आहे.
सकाळी प्रेमानंदच्या स्थळाची प्रिंट काढली. साखऱ्याची बस सुटेल म्हणून कागद निघताच घडी करून पाकिटात टाकला. द्यायचाच असं ठरवलं नव्हतं. जवळ असावा.
भागवतरावांच्या अंगणात मांडव. हिंगोलीच्या तीन गाड्या दारात. संतराम पांढऱ्या कपड्यांत फोनवर कोणावर तरी ओरडत होता. भागवतरावांनी मला पाहिलं आणि दंडाला धरून गोठ्याच्या मागे नेलं. मी पाकीट दाखवलं. म्हणालो, अपग्रेड केल्यावर गुण थोडे वाढले आहेत.
ते हसले. म्हणाले, "सोमेश्वरराव, तुमचं कंप्युटर बंद हाय हे मला त्या दिशीच ठाऊक व्हतं. धर्मसिंगनं टपरीवर सांगितलं. म्हणून तर तुमच्याकडं आलो."
मला कळेना. त्यांनी कळेल असं सांगितलं. "हिंगोलीला जोशाकडं गेलो असतो तर त्यानं खरंच गुण मोजले असते. हॉटेलवाल्याच्या घरी पोरगी द्यायची नव्हती मला. पोरीला 'न्हाई' म्हणलं असतं तर जल्मभर मला बोलली असती. आता तुमाला बोलते. ठेवा ते खिशात आन् जेवायला बसा."
म्हैस रवंथ करत होती. 
बाहेर आलो तर सृष्टी ओसरीत उभी. हिरवी साडी, डोळे सुजलेले. मला पाहून पायरी उतरली. पाहुण्यांसमोर म्हणाली, "काका, आली का शाई?"
मागून भागवतराव मोठ्याने म्हणाले, "कशाची शाई? त्यांचं कंप्युटर कवाचं बंद हाय!"
सगळे हसले. संतरामही हसला, फोन कानाला तसाच.
आता हे मात्र मी ऐकून घेणार नव्हतो. एवढे पैसे भरून बंद? पाकीट तिच्या हातात दिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "बंद होतं. आता चालू आहे. हा नर्सीच्या स्थळाचा खरा हिशोब. आणि हिंगोलीचे साडेअकरा."
तिने कागद उघडला. बराच वेळ पाहत राहिली. मग ठणठणीत आवाजात वाचलं, "बत्तीस गुण." आणि आईकडे, शकुबाईंकडे वळली. "आई, बत्तीस हायेत. मी हिंगोलीला न्हाई जाणार."
बत्तीस कसे, हे मला समजलं नाही, पण ती वेळ दुरुस्तीची नव्हती.  शकुबाईंनी ओटीचं ताट उचललं, आत नेलं आणि दाराला आतून कडी घातली. भागवतराव दार वाजवत राहिले. आतून एवढंच आलं, "पाव्हण्यांना चहा पाजा आन् लावा वाटंला."
गाड्या चहा न पिता गेल्या. मीही जेवलो नाही, परतीची बस होती.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
एका मुलीचं आयुष्य वाचवलं. ठरवून, योग्य क्षणी. गोठ्यामागचा तपशील सौ.ला सांगितला नाही, तिला शेतीतलं फारसं कळत नाही.
संकल्प: दर वाढवायचे.

२ डिसेंबर, मंगळवार
पाच दिवसांत एकही पत्रिका नाही. साखऱ्याच्या बसमधली माणसं बोर्ड वाचून हसतात.
संध्याकाळी सृष्टी आली. पेढे घेऊन. नर्सीचं ठरलं, पौषाच्या आधी लग्न. भागवतराव बोलत नाहीत, पण मांडवाचा इसार त्यांनीच दिला. मी विनयाने म्हणालो, माझं काय, शास्त्राचा प्रताप.
ती म्हणाली, "काका, रागावू नका. त्या कागदावर वर तुमच्या सेंटरचं नाव होतं. खाली नुसते चौकोन होते."
मी विचारलं, मग बत्तीस कुठून वाचलेस?
"नर्स हाये मी. डॉक्टरांचं अक्षर वाचते." मग म्हणाली, "आधी छत्तीस म्हणणार होते. पण कोणाला खरं वाटलं नसतं."
ती गेल्यावर एक प्रिंट काढून पाहिली. चौकोन. पुण्याला फोन लावला. मॅडम म्हणाल्या, "सर, छपाईचा मराठी फॉन्ट वेगळा घ्यावा लागतो."
तो कागद परत मागायला हवा होता. पण शकुबाईंनी हळदकुंकू लावून देवघरात ठेवला आहे, असं सृष्टी म्हणाली. लग्नघर आहे. शंभर माणसं पाया पडायला आत जाणार, त्यातली निम्मी वाचणारी. कोणी विचारलंच तर सांगायचं ठरवलं आहे, की कुंडली म्हणजे तरी काय, घरंच असतात.
सौ.ला म्हणून दाखवलं. ती झेरॉक्स मशीन पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "बोर्डावर झेरॉक्स मोठं लिहा आन् कुंडली बारीक."
पेंटर उद्या सकाळी येतो आहे. बोर्डाचा रंग उडालाच होता.