कानामागचा मध

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
धाकटीचा सा. न. वि. वि.

तू त्या एडिटिंगच्या खोलीतून कधी बाहेर पडतेस की नाही? मागच्या खेपेला आलीस तेव्हा उन्हात घुबडासारखे डोळे मिचकावत होतीस. रागावू नकोस हं, ह्यांच्या पाळलेल्या प्राण्यांमुळे आमच्या घरात घुबडालाही मान आहे.

बातमी अशी, की सिनेमाचा दुसरा भाग ठरला! पहिल्या भागात आमची ठमी तिनं वाढवलेलं अस्वलाचं पिल्लू जंगलात सोडते, तिथे आख्खं थिएटर मुसमुसलं होतं. आता ते मोठं होऊन परत येतं आणि तिला ओळखतं, असा शेवट आहे. दिग्दर्शकांना मुलगी तीच हवी आणि अस्वलही तेच. ढोल्या आता उभा राहिला की ह्यांच्या डोक्यावरून पलीकडे बघतो. पण ह्यांनी त्याला बाटलीनं दूध पाजून मोठं केलंय, पोटच्या पोरासारखं. मग मी कशाला जीव टांगणीला लावून घेऊ?

ठमीचे पाय तर जमिनीला लागत नाहीत. ढोल्या तिचा कान चाटतो तो शॉट ती येईल त्याला करून दाखवते. आपण तेव्हा कानामागे मध लावायचो हे तिला आठवतं, पण पावडर लावतात तसाच तोही मेकअप, असं तिला वाटतं. तो मोठा झाल्यापासून तिला पिंजऱ्यापाशी जाऊ दिलेलं नाही, त्यामुळे तिला एकच घोर लागलाय: तो आपल्याला विसरला तर? शाळेत एक मुलगी तसं म्हणाली, तर हिनं तिची वही टराटरा फाडली. मावशीवर गेलीय, दुसरं काय!

सरावाची रिळं तुझ्याकडे पाठवली आहेत. ठमीच्या जागी तिचा फ्रॉक घातलेली कापडी बाहुली ठेवली होती. शेवटी ढोल्यानं थोडी मस्ती केली, तेवढी कापून टाक.

अशीच माया असू दे, आणि अधूनमधून दोन ओळी खरडत जा.

तुझी,
धाकटी

९ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू मला तोंड उघडू देत नाहीस, म्हणून लिहितेय. हे पत्र नीट बसून वाच. भाजी निवडता निवडता नको.

तू ज्याला मस्ती म्हणतेस, ती मी टेबलावर पुढेमागे फिरवून पाहिली. बाहुलीच्या कानामागचा मध ढोल्या चाटतो, तोवर सगळं छान. तेवढाच तुकडा लावला तर थिएटर पुन्हा रडेल. पण मध संपल्यावर तो थांबत नाही गं. तो अजून शोधतो. पंजानं बाहुलीचा खांदा खाली दाबतो आणि कान उपटून काढतो. त्यात राग नाही की द्वेष नाही, बरणीचा तळ खरवडावा तसं चाललंय. तुझे यजमान हाका मारताहेत, काठी आपटताहेत, आणि त्याचे कान हलतसुद्धा नाहीत.

लोक बघतात ते मी कापलेलं असतं. पिल्लू पोरीकडे बघतं आणि पोर हसते, हे दोन वेगळे तुकडे असतात. मी ते जोडते आणि लोक त्याला प्रेम म्हणतात. ते लोकांनी म्हणावं. तुम्ही दोघं कशाला भुललात? मला भीती वाटते, साफ सांगते. मध अजिबात लावू नका, आणि ठमीला त्याच्यापासून लांब ठेवा. दोघांना जवळ आणायचं काम माझ्या कात्रीवर सोडा.

जावईबापूंना माझा राग आला तर येऊ दे. ठमीला गोड पापा.

काळजीत असलेली,
ताई

१५ फेब्रुवारी, सकाळी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र बसून वाचलं, भाजीला हातही न लावता. ह्यांना दाखवलं तर आधी भडकले, मग परत पहिल्यापासून वाचायला बसले. शेवटी म्हणाले, ताईंचं खरं आहे. तेव्हा मध बंद! बरणी मी फडताळात अगदी वर ठेवली आहे.

आज शूटिंग आहे. ढोल्या खडकाजवळ पाव खात बसेल आणि ठमी थोडी अलीकडे उभी राहून त्याला हाक मारेल. मधे हे असतील. साखळी पडद्यावर दिसते म्हणून दिग्दर्शकांनी काढायला लावली, ते मला आवडलं नाही. पण हे म्हणतात, मधाचा वास नसला की तो पाव सोडून कुठे जात नाही. नंतर तू दोघांना जोड म्हणजे झालं.

ठमी मात्र रात्री मुळूमुळू रडली. मध लावला नाही तर तो मला ओळखणार कसा, म्हणून धोशा लावला. मी म्हटलं, अगं, तुझ्या वासानं ओळखेल की! तेव्हा कुठे झोपली. आज तर स्वारी एकदम शहाणी झालीय. आपली आपण उठली, आपली आपण वेणी घातली, मला केसांना हातसुद्धा लावू देईना. फडताळाखाली स्टूल ओढलेलं दिसलं. बिस्किटांवर डल्ला मारला असणार, संध्याकाळी बघते तिच्याकडे.

गाडी दारात आलीय. पाकीट चिकटवून पेटीत टाकायला ठमीकडेच देते. आता तरी सुखानं झोप, आणि आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
धाकटी

मावशी, मी ठमी. पाकीट बंद करायच्या आधी लिहितेय. तुला एक गंमत सांगते. मी दोन्ही कानांमागे मध लावलाय, खूप सारा, म्हणजे लवकर संपणार नाही. आईला सांगू नकोस. आता तो मला नक्की ओळखेल.