सत्कारातले प्रोटॉन

चि. रागिणीस,

अकोल्याहून गजेंद्रमामाचे भरघोस आशीर्वाद. इकडे सगळे खुशाल. माझा गुडघा सोडला तर घरात कोणाची तक्रार नाही. तुझी तब्येत कशी आहे ते कळव.

तुझा सत्कार काल अमरावतीत पार पडला. तू तिकडे परदेशातल्या प्रयोगशाळेत, म्हणून शाल मला घातली (भर एप्रिलात). तुझी आई जमुना पहिल्या रांगेत होती. अध्यक्ष नत्थुजींनी तुझ्या माहितीपत्रातला ‘टार्गेट’ हा एकच शब्द वाचला असावा, कारण ते गरजले, “आपली पोरगी तिकडं दुश्मनावर नेम धरून राहिली!” टाळ्या थांबेनात. जमुनाचा चेहरा उतरला. मला माईक घ्यावाच लागला.

मी सांगितले, दुश्मन वगैरे कोणी नाही. टार्गेट म्हणजे एका जागी ठेवलेले गोठवलेल्या अमोनियाचे बारीक दाणे. त्यांतले प्रोटॉन म्हणजे भोवरे, वाटेल तिकडे तोंड केलेले. भयंकर थंडी, जबर चुंबक आणि मायक्रोवेव्ह लावून जमेल तेवढ्यांना एका दिशेला लावायचे, मग त्यांच्यावर कणांचा झोत सोडायचा आणि तो कसा विखुरतो यावरून प्रोटॉनच्या पोटात काय आहे ते ताडायचे. (हे तू फोनवर सांगितलेलेच. भोवरे तेवढे माझ्या पदरचे.) सभागृह ढिम्म. म्हणून मी सगळ्यांना उभे केले आणि खिडकीकडे तोंड करायला लावले. शिस्तीत वळले, नत्थुजीसुद्धा. तेवढ्यात मागच्या दाराने गरम आलूबोंडे आले आणि माणसे फिरली ती फिरलीच. उष्णता लागली की प्रोटॉनही असेच बिथरतात, हे मी माईकवर सांगितले. ऐकायला कोणी नव्हते. जमुना तेवढी अजून खिडकीकडे तोंड करून उभी. मी म्हटले, “चाल, बोंडे संपतीन.” तर म्हणते, “थांब ना दादा, मी समजून घेऊन राहिली.”

तुझा,
गजेंद्रमामा

ता. क. : इथल्या एका महाविद्यालयाने मला याच विषयावर व्याख्यानाला बोलावले आहे. वरचे काही चुकले असेल तर कळवू नकोस.

पुन्हा ता. क. : तुम्ही ते प्रोटॉन मधूनमधून मुद्दाम उलटे करता, हेही मी बोलून गेलो होतो. परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूर आले तेव्हा जमुनाने खिडकीकडचे तोंड माझ्याकडे वळवले. मग म्हणाली, “एवढ्या मेहनतीनं एकीकडं लावले, मंग उलटे काहून करते रागिणी?” मला उत्तर येते, पण दिले नाही. ते तू तिला फोन करून सांग. तुम्हा मायलेकींचे बोलणे बंद झाल्यापासून तिने तुझे नाव पहिल्यांदाच घेतले.